पोंक्षेबाईंचं घासणीशी वैर

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, कोलकात्याच्या बेहाल्यातल्या एका औषधाच्या दुकानामागच्या दहा बाय आठच्या खोलीत तारेवर टांगलेल्या चाळीसेक अंगघासण्या सध्या बेवारस आहेत. त्यांत वाळक्या घोसाळ्याच्या घासण्या बहुसंख्य असून बाकी वजरी, नायलॉनचे गोळे, काथ्याचा एक तुकडा आणि भांडी घासायचा तारेचा एक चोथा असा ऐवज आहे. तारेचा चोथा एका प्राध्यापकांच्या घरचा आहे. त्यांनी तो ओळख पटवून घेऊन जावा, आणि जाताना मान खाली घालावी.

हा सगळा ऐवज जप्त करणाऱ्या डॉ. कमलिनी पोंक्षे गेल्या हिवाळ्यात वारल्या. झोपेत गेल्या, कोणावरही न ओरडता. ओळखीच्या लोकांना त्यांच्या मरणातली तेवढीच एक गोष्ट पटली नाही.

मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेलं की त्याच्या तिरसटपणाला लोक 'वरून कडक, आतून मऊ' असलं काहीतरी म्हणू लागतात. पोंक्षेबाई आतूनही कडकच होत्या. पण त्यांना भांडताना पाहणं हा माझ्या कोलकात्यातल्या एकोणीस वर्षांतला सर्वांत उच्च दर्जाचा करमणुकीचा कार्यक्रम होता, आणि तो मी सहसा चुकवला नाही.

बाईंचा जन्म इथलाच. आजोबा रेल्वेच्या नोकरीत गार्डन रीचला आले ते परत गेलेच नाहीत. बाईंनी पुणं आयुष्यात दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा त्यांना ते आवडलं नाही; पण मराठी अशी बोलत की पुण्याहून बदली होऊन आलेल्या मंडळींना आपलीच भाषा सैल वाटू लागे. त्या त्वचारोगतज्ज्ञ होत्या. सत्तरी ओलांडली तरी बाराही महिने बिनबाह्यांचा ब्लाउज घालत. डिसेंबरात सगळं शहर जरा कुठे गार वारा सुटला की माकडटोप्या चढवतं. बाई तेव्हाही खांद्यावरून शाल मागे टाकून, दंड उघडे ठेवून बसत. आणि ते दंड बघण्यासारखे होते. खांद्यापासून कोपरापर्यंत बारीक, टोकदार पुटकुळ्या, ओल्या हाताला रवा चिकटावा तशा.

कातडीच्या डॉक्टरने असे दंड घेऊन हिंडणं म्हणजे दातांच्या डॉक्टरने बोळक्या तोंडाने हसण्यासारखं आहे, असं आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचं ठाम मत होतं. अर्थात ते त्यांच्या मागे. समोर बोलायची हिंमत फक्त एकदा, एका नव्याने आलेल्या बँक मॅनेजरच्या पत्नीने केली. मंडळाचा गणपती, आरती चाललेली, बाई पहिल्या रांगेत.

"डॉक्टर, राग मानू नका हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पण तुमच्या या हातांवर काही उपायच नाही का हो?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "तुम्ही समोर बघा. आरती चालू आहे."

प्रसाद वाटताना बाईंनी तो विषय पुन्हा, यावेळी संपूर्ण सभागृहासाठी घेतला. "याचं नाव केराटोसिस पिलारिस. नाव राक्षसाचं आहे, आत उंदराएवढाही जीव नाही. केस जिथून बाहेर येतो त्या तोंडाशी कातडीचाच कण अडकतो, बस. आईबापांकडून येतं, कोरड्या हवेत वाढतं, कोणाला लागत नाही. या हॉलमध्येच पुष्कळांना असेल. बाकीच्यांनी आपले दंड मागच्या बाजूने कधी पाहिलेले नाहीत." त्यासरशी तीन रांगांतले पदर खांद्यावरून पुढे ओढले गेले. मोदक हातात घेऊन मी भिंतीला टेकलो होतो. असा गणपती पुन्हा झाला नाही.

कोलकात्यात डॉक्टर औषधाच्या दुकानातच बसतात आणि मागच्या त्या खुराड्याला चेंबर म्हणतात. बाईंचं चेंबर निताईबाबूंच्या दुकानात होतं. निताईबाबू म्हणजे काडीसारखा, मऊ बोलणारा, सतत अन्याय झाल्यासारखा दिसणारा माणूस. इतर दुकानांतल्या डॉक्टरांचे कागद हातभर लांब असतात. बाईंच्या कागदावर चार ओळी. एक, पाणी कोमट आणि आंघोळ दहा मिनिटांत. दोन, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना. तीन, अंग टिपून, कातडी ओलसर असतानाच क्रीम, रोज. चार, घासू नये. आणि या चौथ्या ओळीखाली पेशंटच्या आईची सही. पेशंट पन्नास वर्षांचा असला आणि आई सोबत आली असली तरी सही आईचीच.

"दादा," निताईबाबू मला बंगालीत म्हणत, "हिच्या पेशंटला मी विकतो काय, तर एक क्रीम आणि थोडी सहानुभूती."

क्रीम युरियाचं असे. एकदा एक आई कागद वाचून दचकली. "युरिया? तो तर शेतात टाकतात."

"टाकतात," बाई म्हणाल्या. "पण शेतातही कोणी तो घासत बसत नाही."

बाई कुणालाच 'काय होतंय' असं विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच: "काय करता?" त्यांच्या मते कातडीचे निम्मे रोग कातडी करते आणि उरलेले माणसाचे हात. म्हणून येताना घरात अंगाला जे जे लावता, ज्याने ज्याने घासता, ते सगळं घेऊन यायचं, असा निताईबाबूंकरवी निरोप असे. बिचारी माणसं पिशव्या भरून आणत. जाताना पिशव्या रिकाम्या असत.

औषध कंपन्यांचे प्रतिनिधी या खोलीत येताना देवाचं नाव घेत. त्यातला एक नवखा मुलगा कॉफीचे कण घातलेलं अंग घासायचं क्रीम घेऊन आला. डबी सुंदर, वास सुंदर, मुलगाही टाय लावलेला. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, शर्टाची बाही वर करायला लावली आणि म्हणाल्या, "घास."

"मॅडाम?"

"तुझाच हात, तुझंच क्रीम. पाच मिनिटं. मी पेशंट बघते, तू घास. आणि उद्याही ये, परवाही ये."

तो खरंच तीन दिवस आला. तिसऱ्या दिवशी हात उकडलेल्या कोळंबीसारखा झाला होता. बाईंनी त्याची डबी तारेखालच्या फळीवर ठेवली, एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि खाली बोट ठेवून म्हणाल्या, "आईला घेऊन ये, सही हवी." तो मुलगा पुढे वर्षभर निताईबाबूंच्या दुकानासमोरून न जाता पलीकडच्या फुटपाथने जात असे.

आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: हे जाणार का? त्यावर बाईंचं उत्तरही ठरलेलं. "जाणार नाही. बसेल. क्रीम सोडलंत की उठेल." एवढ्या प्रामाणिकपणावर कोणाचाही दवाखाना चालू नये. बाईंचा चालत होता, कारण दुसरीकडे फसून आलेली माणसं शेवटी तिथेच येत.

आता आमच्या घरच्या युद्धाकडे येतो.

माझी बायको शुभदा साताऱ्याची. हार मानणं हा प्रकार तिच्या माहेरी कोणाला माहीत नाही. आमची मुलगी ईरा तेव्हा चौदा वर्षांची. जन्म इथला, मराठी बोलते पण विचार बंगालीत करते आणि पोहते माशासारखी. तिच्या दंडांवर त्याच पुटकुळ्या होत्या. त्या माझ्याकडून आल्या हे शुभदाने संशोधन करून सिद्ध केलं होतं, आणि माझ्या दंडांचं आता काही होणार नाही म्हणून सगळा मोर्चा मुलीकडे वळला होता.

त्या वर्षी दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावलं आणि ईराचे हात एक दिवस गुळगुळीत लागले. एकच दिवस. पण तेवढ्यावर शुभदाने निर्णय घेतला की उटणं लागू पडतं आहे, आपणच ते चार दिवसांत सोडून देतो, तिथे चुकतं. पुण्याहून कुरियरने उटण्याची दोन डझन पाकिटं आली. लेक मार्केटमधून घोसाळ्याची घासणी आली. तिला इथे धुंदुल म्हणतात आणि इथले लोक ती मोहरीच्या तेलाबरोबर वापरतात हे कळल्यावर मोहरीचं तेलही आलं. पुण्याचं उटणं, बंगालचं तेल आणि साताऱ्याचा हात. नोव्हेंबर ते मार्च, रोज सकाळी, कडकडीत पाण्याने. आमच्या घरात त्या हिवाळ्यात सव्वाशेच्या आसपास नरकचतुर्दश्या झाल्या आणि नरकासुर काही मेला नाही. उलट लाल झाला.

मी काय करत होतो? मी वर्तमानपत्र वाचत होतो. घरातल्या लढायांत माझं स्थान कायम प्रेक्षकांत असतं.

मार्चअखेरीस, इथे नुसतं 'लेक' म्हणतात त्या तळ्याजवळचा पोहण्याचा क्लब हिवाळ्यानंतर उघडला. पहिल्याच दिवशी ईरा पोहण्याच्या पोशाखात बाहेर आली आणि काठावर खुर्च्या टाकून बसलेल्या आयांचं बोलणं थांबलं. दोन्ही दंड सोललेले, मधेमधे खपल्या. एका मुलीच्या आईने सेक्रेटरींना गाठलं. घोषालबाबू सेक्रेटरी. अतिशय सभ्य माणूस, आणि सभ्य माणसाशी भांडणं किती कठीण असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी त्यांना भेटावं. ते नियमांची पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरत.

"दादा, मुलगी माझ्या मुलीसारखी आहे," ते मला म्हणाले. "पण नियम आहे. त्वचेची तक्रार आली की तज्ज्ञांचा दाखला: संसर्गजन्य नाही. दाखला आणा, पाणी तुमचंच आहे."

ईराचं नाव आंतर-क्लब रिलेच्या चौघींत होतं. यादी तीन आठवड्यांनी द्यायची होती. त्याआधी ती पाण्यात दिसली नाही तर यादीत तिच्याऐवजी राखीव पाचवीचं नाव जाणार. ईरासाठी जगात त्या वेळी दुसरं काहीही नव्हतं.

आम्ही तिघं बेहाल्याला गेलो. शुभदा आशेने निघाली होती. "आपल्या मराठी आहेत, समजून घेतील," असं ती रिक्षात दोनदा म्हणाली. मी खिडकीची जागा धरल्यासारखा मनातल्या मनात सावरून बसलो.

"काय करतेस?" बाईंनी ईराला विचारलं.

"पोहते."

"ते नाही. हातांना काय करतेस?"

ईराने आईकडे पाहिलं. बाईंनीही आईकडे पाहिलं. "अच्छा. मग तुम्ही सांगा. काय करता?"

"विशेष काही नाही हो," शुभदा म्हणाली. "उटणं लावते."

"कधी?"

"रोज."

"दिवाळी संपल्याचं तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

"उटण्यात सगळं नैसर्गिकच असतं."

"वाळूही नैसर्गिक असते. आणा, कशाने घासता ते दाखवा."

शुभदाने पिशवीतून घासणी काढली. बाईंनी ती अंगठ्याने दाबून पाहिली, स्टुलावर चढल्या आणि तारेवर लावली. चढताना त्यांना कोणी हात दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

"माझ्या मुलीची मला काळजी आहे, डॉक्टर," शुभदाचा आवाज आता साताऱ्याकडे वळला होता.

"काळजी असेल तर तिचे हात तिला परत द्या. पाच महिने तुमच्याकडे आहेत." मग ईराकडे वळून, त्याच सुरात, "दहा दिवस पाण्यात उतरायचं नाही, कातडी सोललेली आहे. दहा दिवस नुसती पेट्रोलियम जेली. आत्ताच क्रीम लावलंस तर झोंबेल, आणि मग हे लोक म्हणतील क्रीम वाईट. अकराव्या दिवसापासून क्रीम. पोहून आलीस की साध्या पाण्याने अंग धुवायचं, टिपायचं, लगेच लावायचं. तीन महिने."

"मग जाईल?" ईराने विचारलं.

"जाणार नाही. बसेल. तू पण बस त्याच्याबरोबर. भांडलीस की ते जिंकतं."

सही झाली. सही करताना शुभदाने पेन असं दाबलं की खालचा कागदही फाटला. आणि मग तिने दाखल्याचं काढलं.

"देणार नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, दोन ओळी तर लिहायच्यात. संसर्गजन्य नाही, एवढंच."

"आज मी लिहून दिलं की हिचे हात लोकांना लागत नाहीत, की उद्या पुटकुळी असलेल्या प्रत्येक पोरीला असाच कागद गळ्यात घालून हिंडावं लागेल. मी दाखला रोगाचा देते. हा रोग नाही. आईच्या जातीला एवढं..." इथे बाईंनी शुभदाकडे पाहिलं आणि वाक्य अर्धं सोडलं, त्यांच्याकडून मी पाहिलेली ती एकमेव सवलत.

परतीच्या वाटेवर शुभदा बाईंबद्दल जे बोलली त्यातलं छापण्यासारखं एवढंच की आपल्या माणसांकडे मुळी जाऊच नये. दुसऱ्या दिवशी गडियाहाटच्या एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत दाखला दिला, शिक्क्यासह. प्रश्न मिटला, असं आम्हाला वाटलं.

दहा दिवस झाले. खपल्या गेल्या, लाली गेली, पुटकुळ्या राहिल्या. अकराव्या सकाळी शुभदाने दाखला ईराच्या हातात ठेवला. ईराने तो परत टेबलावर ठेवला.

"मी हे नाही दाखवणार."

"का?"

"पोंक्षे आजी म्हणाल्या ना, दाखला रोगाचा असतो. मला रोग नाहीये."

"ईरा, यादी शनिवारी जाणार आहे."

"मला माहीत आहे, आई."

तिचे हात कोणाला लागत नाहीत, असं शिक्क्यानिशी लिहून मिळालं होतं. पण पोंक्षेबाईंचा हट्ट मात्र पोरीला एका भेटीत लागला होता.

त्यानंतर चार दिवस मी तिला सकाळी सहाला स्कूटरवरून क्लबात नेत होतो. ती पोशाख घालून, गळ्यात टॉवेल टाकून काठावरच्या बाकावर बसे. घोषालबाबू हळूच येत; इथे लेकीसारख्या मुलीलाही 'मा' म्हणतात. "मा, कागद आणलास?" "नाही, काकू." — म्हणजे बंगालीतले काकू, काका. "मग मी काय करू सांग?" "काही नका करू." साडेसातला आम्ही घरी. तिच्या जागी पाचवी मुलगी सराव करत होती. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, कोणीतरी बाकावर बसताना ईरापासून हातभर जागा सोडून बसलं. ईरा घरी येऊन न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. शुभदाने दार ठोठावलं. ईरा बाहेर आली तेव्हा दोन्ही दंड पुन्हा लाल होते. नखांनी.

शुभदाने पर्स घेतली. मी मागे निघालो, कारण अशा वेळी कोणीतरी साक्षीदार लागतो.

चेंबरमध्ये एक पेशंट बसलेला असतानाच ती आत शिरली. "तुमचं तत्त्व तुम्ही सांभाळलंत," ती उभ्यानेच म्हणाली. "ते चालवतेय माझी मुलगी. तुम्ही सत्तर वर्षांच्या आहात, डॉक्टर आहात. बिनबाह्यांचं घालून पहिल्या रांगेत बसलात तर लोक तुमच्या मागे बोलतात. ती चौदा वर्षांची आहे. तिच्या शेजारून लोक उठून जातात. मी तिचे हात सोलले, मान्य. ते दहा दिवसांत भरले. तुम्ही तिला हट्ट दिलात आणि तो पेलायला लागतं ते काहीच दिलं नाहीत. आज तिने स्वतःच ओरबाडलेत."

बाहेर निताईबाबूंनी पंखा बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं. पण पुढे काही आलंच नाही.  पोंक्षेबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांना गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, तो देखावा मला मुळीच आवडला नाही.

"क्लब किती वाजता उघडतो?" त्यांनी अखेर विचारलं.

"सहाला."

"बरं. निताई, पंखा लाव. आणि आता मला हा पेशंट बघू द्या."

"बघितलंत?" बाहेर पडल्यावर शुभदा म्हणाली. "चुकले म्हणाल्या का? एक शब्द तरी?"

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी. पुढच्या महिन्यात त्यांनी चेंबर बंद केलं आणि त्या चंदननगरला भावाकडे राहायला गेल्या.

सव्वासहाला क्लबाच्या फाटकाशी टॅक्सी थांबली. बाई उतरल्या, हातात कापडी पिशवी. ईरा बाकावर, शुभदा तिच्या शेजारी, आया आपापल्या खुर्च्यांवर चहाचे थर्मास घेऊन. बाई कोणाकडे न बघता थेट घोषालबाबूंपाशी.

"एका सदस्याला एक पाहुणा आणता येतो. तुमच्याच पुस्तिकेत आहे, पान नऊ. हे सदस्य, मी पाहुणी." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी पाहुण्यांच्या चिठ्ठीवर सही केली. या संपूर्ण प्रकरणात माझं योगदान ते एवढंच. पण सही वळणदार होती.

"मॅडाम, पण पाण्यात उतरायला पोशाख..."

"आहे."

दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या. गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख, मापापेक्षा मोठा, मानेमागे दुकानाची चिठ्ठी लोंबतेय. आम्ही इतकी वर्षं फक्त दंड पाहिले होते. मांड्याही तशाच होत्या, आणि पाठीचा वरचा भागही. उथळ बाजूला लहान मुलांचा वर्ग चालला होता, म्हणून त्या सरळ खोल बाजूच्या शिडीकडे गेल्या आणि दोन्ही हातांनी धरून, एक एक पायरी मोजत, गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्या. मग काठाची नळी धरून चार हात पलीकडे सरकल्या, आयांच्या बरोब्बर समोर. आणि बंगालीत, चेंबरमधल्या आवाजात, बोलायला लागल्या.

"हे हात आता पाण्यात आहेत. ज्यांना वाटतं हे पाण्यातून लागतं, त्यांनी आपली मुलं बाहेर काढावीत. मी थांबते."

एक आई उठली. तिने मुलीला हाक मारली. मुलीने पाण्यातूनच "थांब ना, मा" म्हणून पुढची फेरी सुरू केली. आई पुन्हा बसली. बाकी कोणी हललं नाही.

घोषालबाबू पिशवीतून पुस्तिका काढून उलटत होते. "मॅडाम, पटलं. आपण वर या."

"पटवायला मी आलेले नाही. माझ्याकडे दाखला मागा."

"आपल्याकडे कसा मागू, मॅडाम?"

"माझे हात बघितलेत?"

"बघितले."

"तिचे बघितलेत?"

घोषालबाबूंनी बाकाकडे पाहिलं. ईरा उभी राहिली होती.

"मग माझ्याकडे का मागत नाही, आणि तिच्याकडे का मागता?"

घोषालबाबूंनी पुस्तिका एकदा पुढून, एकदा मागून चाळली. त्या सभ्य माणसाने ती बंद केली, पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. मग ईराकडे बघून म्हणाले, "जा, मा." ईराने टॉवेल खाली टाकला. नखांचे ओरखडे उठलेले ते दंड डोक्यावर नेले आणि ती पाण्यात शिरली, आणि वर आली ती निम्मं अंतर कापूनच. दोन फेऱ्या झाल्यावर घोषालबाबूंनी खिशातून यादी काढली, पाचवीचं नाव खोडलं आणि काठावरच्या सगळ्यांना दिसेल असं ईराचं लिहिलं. जिने तक्रार केली होती ती आई थर्मासच्या झाकणात चहा ओतू लागली आणि झाकण भरून वाहिलं तरी ओतत राहिली.

पण पोंक्षेबाई काही वर येईनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ईराचा सराव सुरू झाला, शिट्ट्या वाजल्या, आणि बाई नळी धरून तशाच, हनुवटी पाण्याला टेकलेली, नजर समोर. आया कुजबुजू लागल्या की आता ही आणखी काय मागणार. घोषालबाबूंनी काठावर चहा आणून ठेवला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पण नळी सोडली नाही. मला वाटलं, हे धरणं आहे. आता क्लबाची पुस्तिका नवीन लिहून घेतल्याशिवाय बाई हटणार नाहीत. मी पुढच्या अंकासाठी खुर्ची ओढून घेतली.

शेवटी शुभदा उठली. ईराचा खाली पडलेला टॉवेल उचलून ती काठाशी गेली, वाकली आणि, त्यांच्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही हे सगळ्यांना कळेल अशा आवाजात म्हणाली, "झालं ना आता मनासारखं, डॉक्टर? या वर. हा घ्या टॉवेल."

पोंक्षेबाईंनी मान वर केली. हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, त्यामुळे ते पाण्यावरून पार पलीकडच्या कपडे बदलायच्या खोल्यांपर्यंत गेलं:

"शुभदा, टॉवेल ठेव खाली आणि आधी मला धर. मला पोहता येत नाही."